सुस्थितीतल्या मुलांची शाळा

वेचणी लागली हे नेरमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. बाजाराकडे जाणाऱ्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, एकीमागं एक लागतात, वर दाबून भरलेला कापूस रस्त्याकडच्या काट्यांत अडकत जातो, आणि बघता बघता साऱ्या बाभळी आणि बोरी म्हाताऱ्या दिसायला लागतात. चहाच्या कपात तंतू. वेणीत तंतू. मी ज्या छापखान्यात प्रुफं तपासते तिथल्या शाईतही तंतू, त्यामुळं या दिवसांत छापलेल्या पत्रकांच्या अक्षरांना बारीक मिश्या फुटतात. लोक या दिवसांना सुगी म्हणतात. म्हणोत. मला मात्र हे दिवस आले की राग येतो.

कारण याच दिवसांत शाळा रिकाम्या होतात. कुणी बंद करत नाही, कुलूप लावत नाही. पोरं नुसती शेतात विरघळून जातात. सकाळी दंव असतं तोवर कापूस वेचलेला बरा, वाळकी पत्ती चुरा होऊन त्याला चिकटत नाही. म्हणून अंधूक उजेडातच बाया निघतात. त्यांच्यामागं पोरी, पोरींच्या कडेवर लहानगी. कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी बांधलेली, बोटं दंवानं गारठलेली. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं नखाशेजारी रुततात आणि तिथं बारीक खपली धरते. पाटीवर 'क' गिरवणाऱ्या बोटाकडं एकदा नीट पाहा. खपली असेल तर समजा, हे पोर आज शाळेत आलं ते शेतातून आलं.

मी आमच्या मंडळाची पत्रकं लिहिते. रेशनची साखर, नळाचं पाणी, मोटारीचं वेळापत्रक, ज्याचा राग येईल त्यावर पत्रक. लोक मला 'कागदवाली बाई' म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण मला ते आवडतं. तेव्हा हा लेख नाजूक होईल अशी अपेक्षा कुणी धरू नये. मला आठवण लिहायची आहे एका वेचणीची, आणि ती आठवण आजही हातात धरवत नाही, इतकी गरम आहे.

नेरपासून मोटारीनं थोडं पुढं उतरून, नाला ओलांडून, एक तांडा आहे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत होते. आता ते एका जागी बसलेत, दगडाळ तुकडे कसतात, आणि वेचणीत दुसऱ्यांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभे राहतात. तांड्याला शाळा मिळाली जनपद सभेच्या काळात. पुढं जनपद गेलं, जिल्हा परिषद आली, कागदावरचं नाव बदललं. शाळा मात्र होती तिथंच राहिली. म्हणजे दुसऱ्याच्या खोलीत. पलीकडच्या गावच्या एका पाटलांनी आपल्या शेताच्या कडेची खोली 'इमारत होईपर्यंत' दिली होती. खोली मुळात कापूस साठवायची. पावसाळ्यात तिच्यात शाळा, वेचणीत तिच्यात कापूस. वेचणी लागली की कापूस आत आणि शाळा बाहेर पडवीत. कापूस वाढत वाढत खिडकीशी यायचा, आणि गजांतून आपल्या पांढऱ्या डोळ्यांनी वर्गाकडं बघत बसायचा.

आणि पडवीही पूर्ण शाळेची नव्हे. बंडी आली की टोपली घेऊन माणसं आत-बाहेर करणार, मग पडवी मोकळी हवी. तेवढा वेळ शाळा समोरच्या कडुनिंबाखाली.

मास्तर एकच. ढोके मास्तर. वणीकडचे, राजूरच्या कोळशाच्या खाणीत बाप राबलेला. बारीक अंगकाठी, खोकला कायमचा. ते म्हणायचे, "बाई, आमच्याकडं काळं आहे, तुमच्याकडं पांढरं. पोट्टे दोन्हीकडं एकाच रंगाचे दिसतात." चार वर्ग, एक मास्तर, एक फळा. फळ्याला मधोमध रेघ मारून इकडं पहिली, तिकडं चौथी. दुसरी-तिसरी पाटीवर. पहिलीला 'आ' शिकवताना मास्तर आईचं चित्र दाखवायचे, आणि पोरं एका सुरात म्हणायची, "याडी!" तांड्यात आईला याडी म्हणतात. पुस्तकात याडी नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला याडी माहीत नाही. त्याला माहीत करून घ्यायची गरजही कधी पडली नाही, कारण याडीचं पोर नापास झालं तर नापास पोर होतं, पुस्तक होत नाही.

दुपारी भाकर खायला गेलेली पोरं परत यायची नाहीत. का? तर घरी भाकर नसायची. आणि भाकर नव्हती असं मास्तरांना सांगण्यापेक्षा न येणं सोपं. हे मला मास्तरांनी सांगितलं तेव्हा ते फळा पुसत होते. फडकं नव्हतं. कापसाच्या बोळ्यानं पुसत होते. कापूस तेवढा भरपूर होता.

या शाळेत झुमली होती. गोमीबाईची पोरगी, तेव्हा चौथीत. तांड्यातली चौथीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. तिच्या आधीच्या साऱ्या दुसरीत-तिसरीत ओटी बांधून शेतात गेल्या. गोमीबाई तिला पहाटे शेतात न्यायची, पण दंव उठलं की हाकलायची, "जा, मास्तर आला असंन." मास्तरांनीही शाळेची वेळ त्या दंवावर बांधून घेतली होती. वरच्यांना न विचारता. विचारलं असतं तर उत्तर यायला पुढची वेचणी लागली असती.

त्या वर्षी बातमी आली की पट कमी असलेल्या एकशिक्षकी शाळा जवळच्या गावच्या शाळेत मिसळायच्या. आधी शाळा तपासणारे दिपोटी साहेब येऊन पाहणार. शाळा ठेवायची की मोडायची, ठेवायची तर खोली द्यायची का, दुसरा मास्तर द्यायचा का, सारं त्यांच्या एका अहवालावर. मोडली तर पोरांनी नाला ओलांडून पलीकडं जायचं.

पोरांनी, हं. पोरींनी नव्हे. गोमीबाईनं मला तेव्हाच सांगितलं, "पोट्टा जाईन वं नाल्यापलीकडं. पोट्टी नाई जानार. पानी आलं तं वाहून जाईन, अन् पानी नाई आलं तं लोकाच्या तोंडी जाईन." चौथीची परीक्षा अजून व्हायची होती आणि शाळा मोडली तर झुमलीचं शिक्षण त्या नाल्याकाठी संपणार होतं.

झालं. मला दुसरं काय येतं? मी पत्रक लिहिलं.

मथळा मोठ्या टाइपात: 'तांड्यावरची लेकरं माणसं नाहीत काय?' खाली मी काही शिल्लक ठेवलं नाही. उघडी, नागडी, उपाशी मुलं. अंगावर धड चिंधी नाही. पोटात अन्न नाही. डोक्यावर छप्पर नाही. आमच्या छापखान्याचे करीमचाचा छपाईचे खिळे जुळवतात. गेल्या पिढीतल्या मोडक्या टाइपातून ते काहीही उभं करू शकतात. पण त्या दिवशी ते हातातली जुळणीची काडी खाली ठेवून म्हणाले, "बेटी, 'ड' खतम. उघडी बी लिवली अन् नागडी बी लिवली. एक ठेव ना. गरिबी एका शब्दात नाई समजत का लोकायले?"

"नाही समजत चाचा. दोन्ही राहू द्या."

"अन् चिंधी बी?"

"चिंधी बी."

चाचांनी एका लग्नपत्रिकेतल्या आजोबांच्या नावाचा 'ड' काढून माझ्या नागडीला लावला. "बुढऊला एक दिवस बिन 'ड'चा राहू दे," असं पुटपुटले. आम्ही हसलो. पत्रक छापलं. बाजारात वाटलं, मोटारीत वाटलं, यवतमाळला पाठवलं. आणि मी एक प्रत मोठ्या अभिमानानं झुमलीच्या हातात दिली.

पुढचं मला मागाहून मास्तरांकडून कळलं. त्याच संध्याकाळी, वेचलेल्या कापसाचे वाटे घालून बाया परतल्या होत्या. हिरामण नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "छोरी, वाच तं कागद. आपल्या तांड्याचं नाव हाय म्हनतात." सारा तांडा जमला. आजवर तांड्यात आलेला प्रत्येक कागद दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवला होता आणि वाचणाऱ्यानं सांगितलं तेच खरं धरावं लागलं होतं. आज तांड्याची स्वतःची पोरगी वाचणार होती. झुमली उभी राहिली. मास्तरांनी शिकवलं होतं तसं, स्वल्पविरामाला थांबत, प्रश्नचिन्हाला आवाज चढवत, तिनं एकेक शब्द स्वच्छ वाचला. उघडी. नागडी. उपाशी.

आधी सारे तिच्या वाचण्यानं खूश. मग अर्थ हळूहळू खाली उतरला.

गोमीबाई म्हणाली, "परत वाच."

झुमलीनं परत वाचलं. दुसऱ्यांदा तिचा आवाज प्रश्नचिन्हाला चढला नाही, असं मास्तर म्हणाले.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी दोनदा तांड्यावर जाऊन आले, बायांनी पाणी दिलं, 'बस' म्हटलं, पण बोलणं आखूड. मला वाटलं वेचणीनं थकल्या आहेत. मी सांगितलं, "साहेब येतील त्या दिवशी पोरं जशी असतील तशी बसवा. काही लपवू नका." गोमीबाई ओटीची गाठ सोडत होती. म्हणाली, "नाई लपवत. सारं दाखवतो."

साहेब यायचा दिवस उजाडला. मी पहिल्या मोटारीनं उतरून नाला ओलांडला. दंव पडलेलं, पऱ्हाटी फुटून पांढरीधोप, वेचायला सोन्यासारखी वेळ, आणि शेतात एक बाई नाही! वेचणीत एक सकाळ बुडवणं म्हणजे त्या दिवसाची चूल बुडवणं. इतकं यांनी कशासाठी सोडलं?

दिपोटी साहेब सायकलवरून आले. पायात कॅनव्हासचे बूट, ते नाल्यात भिजलेले. मास्तरांनी शाळेची एकुलती एक खुर्ची पडवीत मांडली. साहेब बसले, पिशवीतून कागद काढले, त्यात वर माझं पत्रक. माझी छाती फुगली. वाचलंय तर!

आणि मग तांड्याकडून शाळा आली.

आधी आवाज आला. छनछन, छनछन. मग रंग. लाल, जांभळा, हळदी. भिंगं लावलेले फेटिया, म्हणजे बायांचे घागरे, पोरींच्या कमरेशी चार-चार घड्या घालून खोचलेले. आयांच्या लग्नातल्या कांचळ्या, म्हणजे चोळ्या. गळ्यात चांदीच्या हासळ्या, कवड्यांच्या माळा. पायांत वाळे, इतके मोठे की घसरू नयेत म्हणून घोट्याला चिंध्या गुंडाळून आत बसवलेले. पोरांच्या डोक्याला पागोटी, केसांना तेल, डोळ्यांत काजळ. सगळ्या तांड्याच्या पेट्या उघडल्या होत्या, आणि ज्याच्याकडं पेटी नव्हती त्याच्या पोराला दुसऱ्याच्या पेटीतून नटवलं होतं. कोवळं ऊन त्या भिंगांवर पडलं आणि साहेबांच्या तोंडावर नाचायला लागलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

इतकी सुंदर शाळा मी उभ्या जन्मात पाहिली नाही. आणि इतकी घाबरलेही कधी नाही.

साहेबांनी पत्रक उचललं. वाचलं, अगदी सावकाश. "'अंगावर धड चिंधी नाही.' कुणी लिहिलंय हे?"

"मी."

"डोळे तपासून घ्या, बाई."

हिरामण नायक भलं मोठं पागोटं बांधून समोर बसले होते. ते म्हणाले, "साहेब जी, आमच्या तांड्यात पाहुन्याले उपाशी तोंड दाखवत नसतात. तुमी पाहुने. या कागदावर जाऊ नका. कागद बोलते, तांडा बोलला नाई."

मी पुढं झाले. सांगणार होते सगळं. ही चांदी कुणाची, हा घागरा कुणाचा, आज शेतात कुणी नाही ते का, आणि या नटलेल्या पोरांतल्या किती जणांनी काल रात्री फक्त पेज प्यायली ते त्यांनाच विचारा. तोंड उघडलं तेवढ्यात मनगटावर पकड बसली. गोमीबाई. पऱ्हाटीनं खरवडलेला हात, सुपारीच्या सालासारखा.

"एक शब्द बोलजो," ती कानाशी म्हणाली, "मंग पाह्य."

"गोमीबाई, शाळा जाईल."

"जाऊ दे."

"झुमली घरी बसेल."

तिची पकड क्षणभर ढिली पडली. मग पुन्हा घट्ट झाली. "बसंन. पन नागडी म्हनून नाई शिकनार माही पोरगी."

त्या क्षणी मला तिचा राग आला. सरकारचा सगळा राग मी तिच्यावर काढायला तयार होते. आज विचार करते तेव्हा वाटतं, माझा राग खोटा नव्हता, पण पत्ता चुकला होता. विचार करा! शाळा मागायची तर आधी नागडं व्हायचं, ही अट कुणी घातली? नेरातल्या वकिलाच्या पोराला शाळा हवी तेव्हा त्याला कुणी विचारतं का, तुझ्या सदऱ्याला भोकं किती? त्याच्यासाठी शाळा असतेच. गरिबाच्या पोरानं मात्र आधी फासळ्या मोजून दाखवायच्या, मग सरकार पाटी देणार. आणि आम्ही पत्रकवाले त्या फासळ्यांवर मोठ्या टाइपात मथळे देणार. गोमीबाईनं फासळी दाखवायचं नाकारलं. एवढाच तिचा गुन्हा.

साहेबांनी परीक्षा सुरू केली. पहिलीतल्या एका पागोटेवाल्याला चित्रावर बोट ठेवून विचारलं, "हे कोण?"

"याडी."

"आई म्हण. आई."

पोरगं मास्तरांकडं बघायला लागलं. मास्तर खोकले आणि म्हणाले, "साहेब, तो आई म्हणतो तेव्हा त्याला कोणीच आठवत नाही."

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग चौथीला उभं केलं. झुमली पुस्तक घेऊन उठली. हासळी गळ्यात जड होत असावी, मान जरा पुढं झुकलेली. वाचायला लागली. स्वच्छ, ठणठणीत. साहेबांचा चेहरा सैलावला. "शिकवणं चांगलं आहे. मुलं चांगली. कपडे तर..." ते हसले. "मग मास्तर, तक्रार कशाची आहे?"

मी ओठ चावत उभी. तक्रार कशाची, हे सांगायला ज्याचं तोंड उघडेल तो तांड्याची अब्रू काढणार होता. न सांगेल तो शाळा घालवणार होता. नुसती भिंगं चमकत होती. साहेबांनी झुमलीला पुढं वाच म्हणून खुणावलं.

आणि लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

बंडी अजून वळणाच्या पलीकडं होती. तरी झुमली वाक्याच्या मधोमध थांबली. पुस्तकात बोट घातलं, आणि चालायला लागली. सारी शाळा उठली. कुणी सांगितलं नव्हतं. दोघांनी फळा उचलला. एकानं नकाशा गुंडाळला. पहिलीच्या पोरांनी बुडाखालच्या विटा काखेत मारल्या. मोठ्या पोरींनी कोपऱ्यात झोपलेली लहानगी कडेवर टाकली. वाळे घसरायला लागले, चिंध्या सुटल्या, दोन पायांतली चांदी जमिनीवर खणकली. ती उचलून पुढं. वेचणी लागल्यापासून रोज जी कवायत चालली होती तीच कवायत, फक्त लग्नाच्या कपड्यांत.

"कुणी उठायला सांगितलं?" साहेब ओरडले. "बसा! बसा सगळे!"

कुणी बसलं नाही. बसणार कुठं? बंडी पडवीला लागलीच होती. गाडीवान उतरला, साहेबांना जोहार केला, आणि अगदी अदबीनं म्हणाला, "साहेब जी, जरासे बाजूले होता का? कालचा कापूस आत टाकाचा हाय."

साहेब उठले. दुसरं करणार काय? ते उठताक्षणी तिसरीतल्या एका पोरानं खुर्ची उचलून डोक्यावर घेतली आणि निंबाकडं पळत सुटलं, कारण खुर्ची न्यायची पाळी त्याची होती. टोपलीमागून टोपली आत जायला लागली. तंतू उडाले. साहेबांच्या मिशीला लागले, कोटाला लागले, हातातल्या अहवालाला लागले.

निंबाखाली फळा उभा राहिला होता. विटा मांडल्या होत्या. झुमलीनं पुस्तक उघडलं, बोट काढलं, आणि जिथं थांबली होती त्याच शब्दापासून पुढं वाचायला लागली.

साहेब उन्हातून चालत निंबाखाली आले. विटेवर बसलेल्या एका पोराला विचारलं, "रोज असं करता?"

"नाई जी. बंडी आली का करतो."

"आणि इथं ऊन आलं की?"

"मंग गोठ्यामांगं जातो."

"आणि तिथं?"

"तिथं म्हैस राह्यते जी. पन ते मारत नाई."

गाडीवान खो-खो हसला. हिरामण नायकही हसले, मग पागोटं सावरून एकदम गंभीर झाले. त्यांच्या लक्षात आलं असावं की सगळ्या पेट्या रिकाम्या करून जे झाकलं होतं ते पोरांनी सहज चालता चालता उघडं केलं. पण यात पोरं नागडी नव्हती. शाळा नागडी होती. तिच्या अंगावर तांड्यातल्या कुणालाच फेटिया चढवता आला नव्हता.

जाताना साहेब मास्तरांशी हळू बोलले. मी जवळ होते म्हणून ऐकू आलं. "माझ्या तक्त्यात पालक गरीब आणि पालक गरीब नाहीत, एवढे दोनच रकाने आहेत. शाळा गरीब आहे, असा रकाना नाही." त्यांचा आवाज वाईट नव्हता. माणूस वाईट नव्हता. यंत्रणेतली माणसं बऱ्याचदा वाईट नसतात, आणि हीच तर खरी अडचण आहे. शिव्या द्यायच्या कुणाला?

निकाल आला तो कापूस संपता संपता. शेतात नुसत्या पऱ्हाटीच्या काड्या उरल्या होत्या. शाळा तिथंच चालू ठेवावी, असं लिहिलं होतं. मी ओरडलेच आनंदानं! मग पुढं वाचलं. पालक सुस्थितीत दिसतात, सबब खोली लोकांनी श्रमदानानं उभारावी. दुसऱ्या शिक्षकाची मागणी विचारार्थ ठेवण्यात येत आहे.

झुमलीनं तो कागद तांड्यात वाचला. या वेळी मी समोर बसले होते. "पालक सुस्थितीत दिसतात." हिरामण नायक म्हणाले, "फिरून वाच, छोरी." तिनं वाचलं. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. कुणीतरी हसलं. सरकारनं लिहिलं होतं, शिक्क्यासकट, की ही माणसं बरी आहेत! आजवर सरकारनं त्यांच्याविषयी इतकं चांगलं कधी लिहिलं नव्हतं.

मी भडकले. "अहो, फसवलंय तुम्हाला! खोली देणं त्यांचं काम आहे. तुम्ही दिवसभर दुसऱ्याच्या शेतात मरता आणि वर सरकारला खोली बांधून द्यायची? मी उद्याच पत्रक काढते."

"काढ," गोमीबाई म्हणाली. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलत होती. "पन खोलीचं नको लिवू. खोली आमी बांधू. माती हाय, पऱ्हाटी हाय, हात हायेत. कूड घालू, लिपून काढू. दुसरा मास्तर पाह्यजे असं लिव. मास्तर कायचा बनवावं वं बाई? मातीचा तं बनत नाई."

त्यांनी बांधली. उन्हाळ्यात, पऱ्हाटीच्या काड्यांचा कूड घालून, शेणामातीनं लिपून. उद्घाटनाला वरून माणसं आली, हार झाले, श्रमदानावर भाषणं झाली. तांड्यानं जे केलं ते मोठं आहे, यात शंका नाही. पण ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना तो अधिकार नव्हता. ज्याचं देणं होतं त्यानंच घेणाऱ्याच्या मेहनतीचं कौतुक करायचं, हा कुठला न्याय?

दुसऱ्या मास्तरासाठी मी पत्रक काढलं. मग दुसरं. मग तिसरं. त्यांत नागडी नव्हती, उघडी नव्हती. करीमचाचा म्हणाले, "या वेळी टाइप पुरला, बेटी." मास्तर मात्र आला नाही. मागणी विचारार्थ आहे. केवढा मोठा विचार असेल तो, वर्षं झाली तरी संपत नाही!

परवा, वेचणी लागली म्हणून, मी तांड्यावर गेले. खोली उभी आहे. यंदा बाहेरून चुना मारलाय. दारातून पाहिलं तर खोलीच्या एका टोकाला ढोके मास्तर तिसरी-चौथी घेऊन बसलेले, खोकत. दुसऱ्या टोकाला फळ्यासमोर झुमली. उंच झाली आहे. हातात खडू, नखाशेजारी खपली. पहाटे शेतात, दंव उठलं की इथं, पहिली-दुसरी शिकवायला. आईच्या चित्रावर बोट ठेवून ती आधी 'याडी' म्हणते, मग 'आई' म्हणते, आणि पोरं दोन्ही म्हणतात.

मध्ये कुणी पाहुणे येऊन गेले, त्यांनी तिला शाबासकी दिली. 'तांड्याची छोटी बाई' म्हणाले. फोटोही काढला. मी हात जोडून सांगते, कौतुक करू नका. हे कौतुक नव्हे, ही चोरी आहे. चौथी चांगल्या गुणांनी पास झालेली पोरगी, जिनं केव्हाच नेरला पाचवीत जायला हवं होतं, ती न आलेल्या मास्तराची जागा भरत बसली आहे. बिनपगारी. ढोके मास्तरांना वाईट वाटतं, पण ती गेली तर पहिली-दुसरी कोसळते. गोमीबाईला वाटतं, शाळेत आहे म्हणजे शिकतेच आहे. आणि वर कागदोपत्री शाळा छान चालली आहे. मग दुसरा मास्तर कशाला?

मला पाहून ती दाराशी आली. खडूचे हात फेटियाला पुसले. इकडंतिकडं पाहिलं, मास्तरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "बाई, दुसरे मास्तर यंदा तरी येतात का?"

मी म्हटलं, "का गं?"

"नाई, मले पाचवीत जाचं हाय. लय उशीर झाला तं पाचवीतले पोट्टे हासतीन ना. मीच सगळ्यात मोठी दिसन." ती नखाशेजारची खपली खरवडत होती. "किती मोठं होयेपर्यंत घेतात बाई पाचवीत?"

मागून पोरं ओरडायला लागली, पुढचं अक्षर सांग म्हणून.

"थांबा बे," ती मान न वळवता म्हणाली, आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.